शेवटचे आठ वेढे

चौकड्यांची नक्षी कुणीही शिकतं, कामेयो म्हणायची,
महिना द्या, फार तर दोन.
लाल, त्याला लागून काळा, मग सोनेरीची केसभर रेघ.
मध्यरेषा सांभाळली की चौकडा चौकड्याला भेटतो.
कसब कळतं ते टोकाशी,
जिथे बेचाळीस धागे एकदम संपतात
आणि पुढे कुठे जायचं ते एकालाही ठाऊक नसतं.

हिलोत, तिच्या घराखाली, खांबांच्या मधे दुकान.
दुकान कसलं, एक लांब टेबल,
कॉफीच्या डब्यांत रिळं,
भिंतीला टेकलेल्या तेरा फुटी गळकाठ्या.
बाहेर पाऊस. तिथे तो कायमचाच,
त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

टोकांना आधी चिकटपट्टीने दाबायचं.
तिच्या अलीकडून काळ्या धाग्याचा पट्टा चढवायचा,
वेढ्याला वेढा खेटून,
फट नको, कुणी कुणाच्या अंगावर चढायला नको.
आठ वेढे उरले की दुमडलेल्या दोऱ्याचा फासा आडवा ठेवायचा
आणि त्याच्यावरून पुढे जायचं,
तो नसल्यासारखं.
मग धागा कापायचा.
आता अंगठा हलवायचा नाही. सगळं काम
त्याच्याखाली सुटायला टपलेलं असतं.
टोक फाशात, फासा ओढायचा,
की धागा आपल्याच पोटाखाली शिरतो,
मांजर पांघरुणात शिरतं तसा.
उरलेली लव दिव्यावर जाळायची, पण हात फिरता हवा;
सुंभ जाळायला बसलो नाही आपण.

ही काठी माकायो पाशेकोची.
शनिवारी हवी होती, काळ्या कड्यावर रात्र काढायला,
शेंड्याला घंटी बांधून, उलुआ लागेपर्यंत.
"एवढं काय त्या टोकाचं?" तो म्हणाला,
"मासा थोडाच बघायला येणार आहे?"
"मासा नाही," कामेयो म्हणाली. "मी."

पण बघणं आता तिचं नखात उतरलं होतं.
एक्क्याऐंशीव्या वर्षी डोळ्यांत दूध साचलेलं;
अंगठ्याचं नख मात्र शाबूत.
गुरुवारी संध्याकाळी तिने ते मुठीपासून वर फिरवलं,
लाल, काळा, सोनेरी, काळा पट्टा,
आणि शेवटाशी थांबलं.
पुन्हा मागे. पुन्हा तिथेच.
एक उंचवटा, तांदळाच्या कणीएवढाही नाही.

"हे कुणी बांधलं?"

मी रिळाकडे बघितलं.
"मी," म्हणालो.

"मग काप."

पातं लावलं. धागा सैल पडला, वाफेसारखा वळत.
पहिले दोन वेढे सुटले तेव्हाच हाताला कळलं
की हे उलटे जातात,
की मला सोडवायलाही मनगट उलटं फिरवावं लागतंय.
आमच्या त्या टेबलाशी
डावखुरी एकटीच होती.
मी मान वर केली नाही.
नवे वेढे घातले. फासा ठेवला, ओढला.
हात थरथरला नाही, याचीच मला जास्त लाज वाटली.

ती उठली, किटली चुलीवर ठेवली,
आणि किटलीलाच म्हणाली,
"पुढच्या वेळी खोटं बोलायचं
तर डाव्या हाताने बोल."

रात्रभर छोटी मोटर काठीला गरगरवत राहिली,
इपॉक्सी एका अंगाला ओघळू नये म्हणून.
वरच्या फळ्यांवर तिची पावलं ऐकू आली
दोनदा, की तीनदा.
कापलेला धागा मी कॉफीच्या डब्यात टाकला.
का, ते मला सांगता येणार नाही.

शनिवारी पाशेको आला.
काठी वाकवून बघितली, कड्यांतून दोर ओवून बघितला,
ट्रकच्या दिव्यात सोनेरी रेघ चमकवली.
टोकाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.
फक्त बोलता बोलता त्याचा अंगठा
मुठीपासून वर गेला,
काळ्या पट्ट्यावरून, पट्ट्याच्या पलीकडे,
कुठेही न अडखळता.

कामेयो त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती.
अंगठ्याच्या दिशेने मान कलती करून
जणू काही ऐकत होती.

मग म्हणाली,
"घंटी वेगळी. तिचे चार डॉलर."