तेरावी दोरी

बाईंनी तापमापक दिला आणि दोनशे पानी वही.
"दिवसातून तीनदा लिहा, घाडी. मनचे आकडे नकोत."
अठ्ठावीस वर्षं मी या ग्रंथालयाचं हजेरीपत्रक लिहितोय,
पण इमारतीला ताप किती
हे कुणी विचारलं नव्हतं.

फोर्टातली इमारत, मालाडचा पिवळा दगड,
वर सिमेंटचा गिलावा.
तो कुणाच्या ठरावाने चढला, इतिवृत्तात सापडत नाही.
छिन्नी लावली तर आतला दगड
ऐन मे महिन्यात ओला.

मागच्या चौकात चुना भिजत पडला तीन महिने.
इरफान गवंडी रोज ढवळायचा:
गूळ, हिरडा, बेलफळाचा गर.
दमयंतीबाई खिडकीतून म्हणाल्या,
"भिंतीचं डोहाळजेवण आहे का?"

मग थर्माकोलचं खोटं छत उतरवलं.
वर तेरा झरोके, ऑइलपेंटने चिकटलेले,
तेरा पितळी कप्प्या, तेरा दोऱ्या.
कुठली कधी ओढायची
ते कुठल्याच नकाशावर नव्हतं.

वेंगुर्ल्याहून जुना शिपाई आणवला,
गोविंद तिरोडकर, वय ब्याऐंशी.
खुर्ची दिली तरी बसला नाही.
वर न बघताच बोलू लागला:
"अकरापर्यंत वारा खाडीकडचा, आळशी.
मग दर्या उठतो.
तेव्हा पश्चिमेचे उघडायचे, पण दोन-दोन,
नाहीतर कागद थेट हुतात्मा चौकात.
आणि ही तेरावी कधी मिटायची नाही."
"का?"
"ते साहेबानं सांगितलं नाही.
मिटली की आमची मान पडायची टेबलावर."

पान एकेचाळीस. दुपारी तीन.
बाहेर चौतीस पूर्णांक दोन,
आत एकोणतीस पूर्णांक सहा.
बाईंनी दोनदा तपासलं,
मी आकडा पेनाने गिरवला.

नऊ एसी भंगारवाल्याने नेले.
दहावा विश्वस्तांच्या खोलीत आहे अजून,
त्याचा ठराव पुढच्या सभेत येतो.
दर सभेला पुढच्या सभेत येतो.

मार्चला मी निवृत्त.
दोऱ्यांखाली पाटी लावू का, विचारलं.
बाई म्हणाल्या, "पाट्या कोण वाचतं? माणूस तयार करा."
तर हा क्षितिज, नवा मुलगा,
दोऱ्या ओढून तळहात सोलून घेतलेला,
आज तेरावीपाशी थांबून विचारतो,
"ही का नाही ओढायची, काका?"

तीनची नोंद केली. टोपण लावलं.
"मिटून बघ," म्हणालो,
आणि खुर्चीत टेकलो.