अंगठा वर की खाली

आधी वाटलं चपलाच झिजल्या.
बिटकोच्या चौकातून नव्या आणल्या,
तरी जमीन लागेना पायाला.
मग मोरीत साबण लावून डोळे मिटले
आणि पडलो, बादलीसकट.
कौसा म्हणाली, चक्कर.
शेजारचे अरिंगळे म्हणाले, वात; बिब्ब्याचं तेल चोळा.
चक्कर नव्हती. डोकं जागेवर होतं.
डोळे मिटल्याबरोबर
पाय कुठे ठेवलेत ते विसरलो, एवढंच.

सिव्हिलमधली डॉक्टरीण नातीएवढी.
तिनं काटा वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला.
थरथरतंय?
म्हटलं, ऐकू येतंय.
कानांचं नाही विचारत आजोबा, हाडाचं सांगा.
हाडाला काही म्हणायचं नव्हतं.
मग डोळे मिटायला लावले
आणि पायाचा अंगठा चिमटीत धरून हलवला:
वर की खाली?
मी म्हणालो वर.
पुन्हा वर. मग, बदल म्हणून, खाली.

चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या मी.
शाईचा उठाव बोटाला नखभर कमी लागला
तर अख्खा ताव बाजूला काढायचो,
न बघता, बोराडेशी गप्पा मारत.
आणि इथे स्वतःच्याच अंगठ्याबद्दल
अंदाजपंचे बोलत होतो.

फोटोत दाखवलं तिनं:
मानेतल्या दोरीत, मागच्या अंगाला
पांढरी खूण, उलट्या व्हीसारखी.
पायांची खबर इथून वर जाते, म्हणाली.
पाय धड आहेत. ताकद आहे.
निरोप्या आजारी आहे.
कशानं? तर रक्तात एक जीवनसत्त्व नाही,
पोटच घेत नाही म्हणे.
इतकी वर्षं कौसाच्या हातचं जेवलो
आणि त्यातलं हे एवढंच
आतडं परत पाठवत राहिलं, न बोलता.

इंजेक्शन लाल असतं,
डाळिंबाच्या दाण्याचं लाल.
आधी रोज, मग आठवड्याला, आता महिन्याला.
सगळं परत येईल का?
काही येईल, ती म्हणाली. उशीर केलात.
तिचं खोटं न बोलणं आवडलं मला.

तोवर माझे पाय माझ्या डोळ्यांवर चालतात.
खाली बघत जातो; जेल रोडच्या पोरांना वाटतं
म्हातारा पडलेले पैसे शोधतोय.
देवापुढे हात जोडतो ते डोळे उघडे ठेवून.
दसकच्या घाटावर बुडी नाही, लोटा,
तोही उजेडी.
वीज गेली की जिथं असेन तिथं उभा,
भिंतीला हात लावून.
कौसा मेणबत्ती आणेपर्यंत
मला पाय नसतात.

काल रात्री तशीच गेली.
मधल्या खोलीत होतो, अनवाणी.
तेवढ्यात स्टेशनाकडून मालगाडी निघाली
आणि तळव्यात, डाव्या,
काहीतरी बारीक, मुंगीच्या चालीचं.
की नुसती ऐकूच येत होती?
भिंतीवरचा हात काढला.
दोन्ही कानांत बोटं घातली,
डोळे मिटले, अंधारातही.
डुलत असणार मी.

बोटांपलीकडून, लांबून, कौसा ओरडली,
अहो, भिंत धरा!
थांब, म्हटलं,
जातेय अजून.