लाइन आली का?

बावीस नावं घेतली होती मी
तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात,
नव्व्याण्णव रुपयाला एक,
दोन प्लेट तर्री-पोह्याच्या हिशोबात.
शेवटी डॉट कॉम नव्हतं. ते सगळं कधीच संपलेलं,
बर्डीच्या मेन रोडवरच्या गाळ्यांसारखं,
बापाकडून पोराकडे जाणारं.
माझ्या नावांना नवी शेपटं:
डॉट शॉप, डॉट लाइफ, डॉट ऑनलाइन.
एक तर कूलर डॉट क्लब.
विचारू नका.

बाबांनी सत्त्याऐंशी साली
दिघोरी नाक्यापलीकडे प्लॉट घेतला,
तेव्हा गिरणीतले लोक हसले होते:
"परातेनं कोल्ह्यायसाठी जागा घेतली."
दर रविवारी ते सायकलनं जायचे,
चारी कोपऱ्यांचे दगड मोजायचे,
बोरीखाली एक बिडी ओढून परत यायचे.
अठरा वर्षांनी त्या दगडांतून
ताईचं लग्न निघालं, माझं इंजिनिअरिंग निघालं,
आणि आई म्हणाली, कोल्हे चांगले निघाले.

मी तेवढंच शिकलो:
नाक्याबाहेर घ्यायचं आणि थांबायचं.

हे नाही शिकलो
की ले-आऊट पाडता येतो, जमीन पाडता येत नाही.
इथे कुठेतरी कोणीतरी बसल्या बसल्या
सोमवारी एक नवं शेपूट खुलं करतो
आणि माझ्या नाक्यापलीकडे अजून एक नाका होतो.
बाबांच्या प्लॉटनं कधी काही मागितलं नाही,
एखाद-दुसरं पंक्चर सोडलं तर.
माझी नावं दुसऱ्या वर्षापासून
अठ्ठावीसशे मागतात. प्रत्येकी. वर जीएसटी.

त्रिमूर्तीनगरात एक जण आहे,
त्याचं एक नाव कारच्या किमतीला गेलं.
ही गोष्ट मला सात जणांनी सांगितली.
त्याच्या उरलेल्या चारशे नावांचं काय झालं
हे मी एकालाही विचारलं नाही.

बाबांना दाखवलं होतं एकदा मोबाइलवर.
पांढरं पान. खाली बारीक अक्षरात: सापडत नाही.
चष्मा पुसून ते म्हणाले,
"दगड कुठी हायेत?"

गिऱ्हाईक एकच आलं.
महालातल्या उज्ज्वला धकाते, सावजी मसालेवाल्या.
तर्री डॉट लाइफ हवं होतं.
आरशासमोर पाठ केलेला आकडा मी सांगितला: चाळीस हजार.
त्या हसल्या नाहीत.
"दादा, पुड्यावर मी हे छापीन,
लोक सवयीनं डॉट कॉम टाकतील.
ते पुण्याच्या कोण्या माणसाजवळ आहे.
म्हणजे मसाला माझा अन् गिऱ्हाईक त्याचं.
पैसे तं तुम्हीच मले द्यायला पाहिजे."
मग पत्ता विचारला.
चौथ्या दिवशी कुरिअरनं एक पुडी आली.
तीन वर्षांतली एकूण आवक:
शंभर ग्रॅम, मध्यम तिखट.

आज शेवटची तारीख.
रात्रीचे अकरा, भिंती अजून तव्यासारख्या.
हर्षाली म्हणते, एका नावात
कूलरचे तिन्ही पॅड बदलून होतात, वर पंप.
मी एकेका नावापुढची खूण काढत जातो.
कूलर गेला. संत्रा गेला.
सोडलेल्या नावाचा आवाज होत नाही,
बोर तुटत नाही, दगड कोणी उपटत नाही,
उद्या सकाळी तिथे कोणी राहायलाही येणार नाही
आणि हेच जरा लागतं.

एकवीस झाली.
तर्रीपाशी बोट थांबलं.
का, ते हर्षालीला सांगता आलं नाही,
मसाला चांगला होता, एवढंच म्हणालो,
आणि अठ्ठावीसशे भरले.

खाटेवरून बाबा जागेच:
"तुह्या त्या ले-आऊटात लाइन आली का रे?"

"नाही, बाबा. खांब आणून टाकलेत."

"खांब आले म्हंजे येते,"
असं म्हणून त्यांनी
कूलरकडे कूस बदलली.