मोराची मान

वडगावात आठपर्यंत माग खडखडत असतात,
ते थांबले की मग मला ऐकू येतो
माझ्या लॅपटॉपचा पंखा.
खडेबाजारात एक सायबर कॅफे बंद पडला,
तिथून सातशे रुपयांना आणलेला मॉनिटर
टेबलावर डावीकडे बसवलाय.
उजवीकडे खिडकी, खिडकीत कोकमाच्या बाटल्या, जागा नाही.
आणि तो म्हणतोय, नो सिग्नल.
निळ्या चौकटीत, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
चुकून गोकाकच्या गाडीत चढलेल्या माणसासारखा.

श्रीशैल फोनवर. बहिणीचा मुलगा, धारवाडला होस्टेलात.
लायसनला पैसे कशाला, म्हणून यानंच लिनक्स घालून दिलेलं.
"मावशी, मदल केबल नोड."
नोडली. काढली, फुंकली, परत घातली.
"हिंदिन बटन?"
पाठीमागचं बटणही दाबून झालं,
व्हीजीए, एचडीएमआय, फिरून व्हीजीए.
"आता काळी खिडकी उघड. मी सांगतो ते टाईप कर, स्पेस सोडायला विसरू नको."
मी एका बोटाने टाकत गेले.
उत्तर आलं: लॅपटॉपचा पडदा, कनेक्टेड.
दुसरा, डिस्कनेक्टेड.
केबलचं टोक तेव्हा माझ्या मुठीत, खोचलेलं, घट्ट.

"काल अपडेट केलीयास काय?"
कोपऱ्यात लाल ठिपका आला होता. मी हो म्हटलं होतं.
हो म्हटलं की विषय संपतो, असं मला अजून वाटतं.
"तेच की. कर्नल नवा आला, ड्रायव्हर मागं राहिला.
बंद करून चालू कर, यादी येईल, त्यातला जुना निवड."

तेवढ्यात करंट गेला.

दहा वीसला आला. जुना निवडला.
मॉनिटर आधी करडा झाला, मग उजळला,
आणि दोन्हीकडे एकच चित्र.
"आरसा नको रे, मला जोड पायजे."
जोड झाली, पण उलटी:
बाण उजव्या कडेला बुडायचा
आणि डावीकडच्या पडद्याच्या पार डाव्या टोकाला उगवायचा.
राईट काढून लेफ्ट लिहिलं.
सरळ झाला. तरीही खाली एका ठिकाणी अडायचा,
समोर काही नसताना.
"तो पडदा उंच आहे मावशी, तुझा बुटका.
तिथं पलीकडं काही नाहीच, तो जाणार कुठं?"
जांभई ऐकू आली. फोन ठेवला त्यानं.

मग मी साडी उघडली.
अंग लॅपटॉपवर, काठ मॉनिटरवर, तेवढ्यासाठीच तर हा खटाटोप,
आणि मधोमध मोर.
मोराची मान इथं संपत होती
आणि तिथं दोन बोटं खाली सुरू होत होती.
आकडे बदलत बसले. शंभर. दोनशे. दोनशे छप्पन्न.
दोनशे छप्पन्नला पडद्यांची खालची कड जुळली,
मान नाही.
शेवटी मॉनिटरखाली जुन्या पंचकार्डांची चवड सरकवली,
मग मान बसली.

रंग मात्र बसेना.
चिकोडीच्या दुकानदाराला पोपटी हवाय.
डावीकडे तो हिरव्या मिरचीचा,
उजवीकडे हौदातल्या शेवाळाचा,
फाईल एक, आकडा एक.
यासाठी काळ्या खिडकीत काय लिहितात
ते श्रीशैलला विचारायचं राहिलं.

रेवणसिद्धानं नमुन्याला दिलेली कांडी
दोन्ही पडद्यांच्या मधल्या फटीपाशी धरली.
रेशीम ट्यूबलाईटखाली तिसऱ्याच हिरव्याचं.
बराच वेळ धरून बसले, हात भरून आला.

डिझाईन पेनड्राईव्हवर घेतलं.
कांडीचा वीतभर धागा तोडून
पेनड्राईव्हच्या भोकात ओवला, गाठ मारली.
सकाळी तो मागापाशी उभा राहून बघेल,
कशाला मानायचं ते.
मग दोन्ही पडदे बंद केले,
आधी डावा.