मिटताना

अकरा महिने झाले,
वाल्ट्झचा दुसरा भाग चौदाव्या घरात येऊन बसतो
आणि उठत नाही,
जेवण झालं, भांडी घासून झाली
तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

माझ्या बांदोनिऑनला एकाहत्तर कळा.
प्रत्येकीच्या पोटात दोन स्वर :
भाता उघडताना एक, मिटताना भलताच.
मी फक्त उघडताना वाजवते.
पुष्कळजण तसंच करतात, असं मी मला सांगते.
गुडघ्यावर भाता ताणत न्यायचा,
संपला की अंगठ्यानं हवेची पट्टी दाबून
गुपचूप मिटवून घ्यायचा,
कुणी पाहू नये म्हणून झटकन केर सुपात भरावा तसा,
आणि पुन्हा उघडायचा.

पहिली तीन वर्षं या युक्तीवर निघाली.
दर महिन्याला हाताला काहीतरी नवं लागायचं.
मग लागेना.
मी तास वाढवले. रात्रपाळी बदलून घेतली.
मेट्रोनोम आणला.
भिंतीपलीकडच्या निकानोराच्या कुत्र्याला सगळं पाठ झालं;
चौदावं घर आलं की
मी अडायच्या आधी ते भुंकतं.

दिवसा मी बंदरावर, धान्याच्या वजनकाट्यावर असते.
बावीस वर्षं.
तिथेही कधीकधी काटा थिजतो,
ट्रक चढला तरी आकडा हलत नाही.
मी केबिनमधून उतरते, फळीखाली वाकते,
अडकलेला खडा काढते.
घरी खडा सापडत नव्हता.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी एवारिस्तो आले.
चौऱ्याऐंशी वर्षांचे, हात आता कपाचंही ऐकत नाहीत.
डोळे मिटून ऐकलं. बरं म्हणाले नाहीत, वाईटही नाही.
वाइनच्या बाटलीचं बूच मागितलं,
सुरीनं त्याची चकती कापली
आणि हवेच्या पट्टीखाली ठोकून बसवली.
"आता?" मी म्हटलं, "मिटू कशी?"
"वाजवत," ते म्हणाले,
आणि उरलेलं अर्धं बूच खिशात घालून
जिना उतरले, एकेक पायरी, कठड्याला धरून.

त्या रात्री माझ्याच वाद्यात मी परकी झाले.
ओळखीच्या दारावर टकटक करावी
आणि आतून कुणीतरी अनोळखी बाईनं विचारावं, कोण पाहिजे?
तर्जनी जिथे घर करून राहिली होती
तिथलं भाडं दुसऱ्यानं भरलेलं.
एक्कावन्नाव्या वर्षी
पोरांच्या पुस्तकातली पहिली धून
अडखळत, चाचपडत.
निकानोरानं भिंतीवरून विचारलं, "बिघडलं का गं?"
"हो," म्हटलं, "मुद्दाम."

सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात दोनदा
चाकूनं बूच उपसायला बसले,
दोनदा चाकू पाव कापायला वापरला.

डिसेंबरात नवा गहू आला.
पहाटेपासून ट्रकांची रांग, धूळ, चालकांच्या शिव्या.
ट्रक भरलेला येतो, तोलते.
रिकामा परततो, पुन्हा तोलते.
नुसता गहू मी आजवर कधी तोलला नाही.
तो वजाबाकीत असतो.
एका पावतीवर शिक्का मारता मारता
हात तसाच हवेत राहिला.
"ओतिलिया, झोपलीस का?" चालक ओरडला.

रात्री खिडकी लावली नाही.
दुसरा भाग घेतला. उघडत, मिटत,
जाताना जे नेलं ते येताना थोडं उतरवत.
बारा. तेरा.
चौदाव्याशी भाता मिटत आला होता,
नेमका त्या बाजूला जिकडे मी कधी गेलेच नव्हते,
आणि तिथे स्वर होता.
कोपऱ्यात, साधा, केव्हाचा उभा.

पंधराव्या घरात चुकले.
चूक नवीन होती.
पुन्हा घेतलं, पुन्हा तीच, तितकीच नवीन.

पलीकडे कुत्रं उठून बसल्याचा आवाज आला,
साखळीचा.
भुंकलं नाही.