खुणा पुसू नका

मशीनवरच्या पोरानं तिच्या छातीवर
जांभळ्या शाईनं तीन रेघा ओढल्या, एक फुली मारली.
म्हणाला, मावशी, पंचवीस शेक होईपर्यंत
या खुणा पुसू नका.
मग माझ्याकडं वळून, समजलं का काका?

मला नाही समजणार तर कुणाला.
निलंग्यात बत्तीस वर्षं खडूनं रेघा ओढतोय.
रेघ पुसली की कापड वाया.

सुगलाच्या ब्लाउजचं माप कधी वहीत लिहिलं नव्हतं,
हाताला पाठ होतं.
ऑपरेशननंतर टेप घेऊन आलो
तर दाराला कडी लावून उभी राहिली,
"घ्या. गिऱ्हाईक समजा."
डावीकडं टेप सरळ खाली आला, कुठं वळलाच नाही.
आकडा विसरलो. पुन्हा मोजलं. पुन्हा विसरलो.
"लिवून ठेवा की," म्हणाली.

सहा दहाची लातूर गाडी.
औशाच्या अलीकडं तिला मळमळतं.
मी पिशवी धरतो आणि खिडकीबाहेर बघतो,
अशा वेळी बघितलेलं तिला आवडत नाही.
केस गेले तेव्हा रडली नाही.
फणी धुतली, उन्हात वाळवली, कपाटात ठेवली,
लागंल की परत.

रडली ती एकदाच, मशीनच्या दाराशी,
गळ्यातलं काढून ठेवा म्हटल्यावर.
आठव्या वर्षी स्वामींनी बांधलेलं इष्टलिंग.
बाळंतपणातसुद्धा अंगावेगळं केलं नव्हतं.
टेबलावर नको, पर्समध्ये नको.
माझं स्वतःचं तर वडील गेल्यापासून
देवळीत धूळ खात पडलंय.
मी डावा हात पुढं केला.
तिनं सुईनं चाळण झालेली बोटं बघितली.
"आंगुळ केलाव का?"
केलो, म्हणालो.

दार लागतं. लाल दिवा.
अकरा मिनिटं.
आत ती एकटी, श्वास धरून.
बाहेर बाकड्यावर मी,
डाव्या तळहातावर तिचा देव,
तिच्या अंगाची ऊब अजून असलेला.
मंत्र येत होते, विसरलो.
मी टाके मोजतो, ओठातल्या ओठात.
इंचाला बारा. बगलेत जास्त, तिथं ताण येतो.
शेजारी बसलेला उदगीरचा माणूस विचारतो, जप का?
मी मान हलवतो.
ती हो होती का नाही, मलाही सांगता येणार नाही.

आज एकोणिसावा.
मलमानं, घामानं शिवदोरा कुजत आला होता.
काल रात्री दुकानात सहापदरी नवा वळला,
गाठ ओढून बघितली,
सवयीनं दातांनी तोडणार होतो
थांबलो, कात्री शोधली.

रात्री दोनला ती हलवून उठवते,
"फुली पुसली का बगा."
मोबाईलच्या उजेडात बघतो. कातडी भाजून काळी पडलीय,
तिच्यात जांभळी फुली, मला दिसते,
तिला दिसत नाही.
हाय, म्हणतो. झोप.

ब्लाउज कापून झालाय. हिरव्या खणाचा,
डावीकडं आतून अस्तर, अस्तरात पिंजलेला कापूस.
अंगानं निम्मी झालीय, वहीतल्या मापानं
अगदी अंगासरशी बसेल.
पण दोन्ही कुशींना
चांगली दीड बोट माया सोडलीय.