यूज्ड टू

डिचोलीत, पतसंस्थेच्या माडीवर, सातची शिकवणी.
शाणू मळीक वही उघडण्याआधी
तळवे पँटीला पुसतो.
खाण बंद पडून किती वर्षं झाली,
तांबडं काही लागत नाही आता.

"सर, 'आय यूज्ड टू ड्राइव्ह'
आणि 'आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग',
फरक काय?"

पहिल्यात चालवायचो, आता नाही.
दुसऱ्यात सवय आहे.
मी खडूने 'अ‍ॅम'भोवती गोल काढतो.

"दोन्ही खरी असली तर?"

शनिवारी कळंगुटला मुलाखत, हॉटेलच्या गाडीवर.
दुसरं सांग, म्हणतो मी.

तो पुटपुटत घोकतो,
बाकाखाली डावा पाय क्लच दाबल्यासारखा,
आणि दर खेपेला
तेवढा 'अ‍ॅम' गाळतो.